रागाचा धडा मैदानावरच

सहावी ते आठवीच्या मुलांना राग आवरायला आणि दुसऱ्याच्या मनाची कळ ओळखायला शिकवायचे, तर त्याची जागा शारीरिक शिक्षणाचा तास ही आहे. मूल्यशिक्षणाच्या यादीत संवेदनशीलता कित्येक वर्षांपासून आहे. परिपाठात तिच्यावर बोधकथा सांगितल्या जातात, फळ्यावर सुविचार लिहिले जातात. पण बाकावर शांत बसून गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला त्या घडीला कोणाचा राग आलेला नसतो, त्यामुळे आवरायचे काय हे त्याला उमगत नाही. मैदानावर पंचाने बाद दिले की छाती धडधडते, कान तापतात, सगळा वर्ग आपल्याकडे पाहतो आहे ही लाज वेगळीच. शिकवायचा विषय तिथे समोर उभा असतो. त्यात हे वय वयात येण्याचे. एकाच वर्गात एखाद्याला मिसरूड फुटलेली असते आणि शेजारचा अजून चौथीतला वाटतो. काही मुली अंगातल्या बदलांच्या संकोचाने खेळातून हळूहळू मागे सरतात. भावना उसळतात त्या वेगाने त्यांना लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्व होत नाही, त्याला विशीचा मध्य उजाडतो. या मुलांना मदतीची गरज आहे, आणि ती रागाच्या क्षणी हवी आहे.

यासाठी परदेशी खेळ आणावे लागत नाहीत. खो-खोत बसलेल्या खेळाडूने पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू येईपर्यंत उठायचे नसते. आधी उठला तर फाऊल. अंगातली सगळी ऊर्मी दाबून वाट पाहायची आणि मग एका क्षणात सुटायचे, हा संयमाचाच सराव आहे. पाठलाग करणाऱ्यालाही हातातोंडाशी आलेला गडी सोडून संधी दुसऱ्याला द्यावी लागते, आणि कोणाला कुठून धावणे सोपे जाईल हे त्याच्या जागेवरून पाहावे लागते. कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाहेर बसून राहतो. सहकाऱ्याने समोरचा गडी टिपला तरच तो जिवंत होतो. चढाई करणाऱ्याला एका दमात परतायचे असते, म्हणजे घाबरलेल्या अंगानेही श्वासावर ताबा ठेवायचा असतो. चढाईनंतर मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजायला लावली, तर रागातही ती अशीच पळते आणि सावकाश श्वास सोडला की उतरते, हे मुलाला स्वतःच्या शरीरावरून कळते.

मात्र मुले खेळली की हे गुण आपोआप येतात, हा समज चुकीचा आहे. १९७१ मध्ये ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टटको या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी हजारो खेळाडूंच्या चाचण्यांनंतर लिहिले की, खेळाने चारित्र्य घडते याला आधार सापडत नाही. पुढे ब्रेंडा ब्रेडेमायर आणि डेव्हिड शील्ड्स या संशोधकांना दिसले की, एरवीच्या प्रश्नांवर समजुतीने विचार करणारी माणसे खेळातल्या प्रसंगांवर अधिक आपमतलबी विचार करतात. म्हणजे नुसता चेंडू टाकून बाजूला बसणारे सर उलटाच धडा देत असतात. शारीरिक शिक्षणाचे अभ्यासक डॉन हेलिसन यांनी शिकागोच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी वेगळी वाट काढली. त्यांच्या पद्धतीत इतरांच्या हक्कांचा आणि भावनांचा मान राखत स्वतःला आवरणे ही पहिली पायरी, मग प्रयत्न, स्वयंदिशा, इतरांना मदत आणि शेवटी हे सारे मैदानाबाहेर नेणे. तासाच्या शेवटी मुले आपण कोणत्या पायरीवर होतो ते स्वतः सांगत. २०११ मध्ये जोसेफ ड्युरलॅक आणि सहकाऱ्यांनी शाळांतल्या अशा भावनिक शिक्षणाच्या २१३ उपक्रमांचा, सुमारे २ लाख ७० हजार मुलांचा, एकत्रित अभ्यास मांडला. शाळेच्या अभ्यासात मधोमध असणारे मूल शंभरांत आणखी ११ जणांच्या पुढे जाईल एवढी प्रगती त्यात आढळली. हे उपक्रम केवळ खेळाच्या तासाचे नव्हते, हे मान्य करायला हवे. पण कोणते उपक्रम अधिक यशस्वी ठरले, हे बोलके आहे : जिथे कौशल्य क्रमाने, कृतीतून आणि उघडपणे नाव घेऊन शिकवले गेले तिथले.

आपल्याकडे सुरुवात काही मोडून करावी लागेल. दोन कप्तानांनी एकेक गडी निवडायचा आणि शेवटी उरलेल्या मुलाला ‘घ्या रे याला’ म्हणून लिंबूटिंबू करायचे, ही पद्धत दर आठवड्याला वर्गासमोर एका मुलाची किंमत काढते. संघ शिक्षकांनी पाडावेत. पंचगिरी, गुणलेखन आणि कप्तानपद आळीपाळीने द्यावे. शिट्टी हातात आली की पंचाशी हुज्जत घालणाऱ्याला पंचाची अडचण कळते. आणि उठाबशा, मैदानाच्या फेऱ्या या शिक्षा थांबवाव्यात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहेच, पण त्याहून मोठे नुकसान असे की व्यायामाची सांगड अपमानाशी कायमची बसते.

याने मुले मऊ पडतील, स्पर्धा संपेल, असा आक्षेप येतो. तो कबड्डीच्या मैदानावरच फोल ठरतो. डोके फिरलेला खेळाडू पिवळे कार्ड घेऊन दोन मिनिटे बाहेर बसतो आणि संघ एका गड्याने लंगडा होतो. स्वतःला आवरणारा खेळाडू जिंकायलाही उपयोगी असतो. दुसरी भीती अधिक खरी आहे. याला गुण दिले, तर वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात ‘इतरांच्या भावनांचा आदर करतो’ हे वाक्य साठ मुलांपुढे उतरवले जाईल. म्हणून याचे गुणांकन अजिबात नको. खेळ थांबवून भाषण देणेही नको. त्यावर बोलायला तासाची शेवटची पाच मिनिटे पुरतात.

उरतो माणसांचा प्रश्न, आणि तिथे शासनाला सूट देता येणार नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने खेळातून सहकार्य आणि स्वयंशिस्त यावी असे म्हटले, २०२३ च्या अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षण आणि स्वास्थ्य हा स्वतंत्र विषय मानला, एनसीईआरटीने सहावीसाठी ‘खेल यात्रा’ हे पुस्तकही काढले. समग्र शिक्षा अभियानातून उच्च प्राथमिक शाळेला क्रीडासाहित्यासाठी वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत मिळतात. चेंडू येतो, तो कसा खेळवायचा हे जाणणारा माणूस येत नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीत १०० हून अधिक मुले असतील तिथे अंशकालीन क्रीडा निदेशक द्यायचा आहे. त्याची नेमणूक तात्पुरत्या मानधनावर टांगती ठेवू नये, कारण मुलांच्या भांडणात मध्यस्थी करायला त्यांची ओळख लागते आणि ती वर्षानुवर्षे टिकलेल्या शिक्षकालाच होते. त्याहून लहान शाळांत हे काम वर्गशिक्षकांवर पडेल. त्यांच्या प्रशिक्षणात कवायतीच्या आदेशांइतकाच वेळ मैदानावरचे भांडण हाताळण्याच्या सरावाला मिळाला पाहिजे. आणि परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला देऊन टाकायचा, हा पायंडा मुख्याध्यापकांनी या वर्षीपासून बंद करावा. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.