साखरेला किमान भाव, साखर करणाऱ्याला किमान हजार

म्हाताऱ्यांची पेन्शन कापावी की राखावी, हा वाद ज्यांना घालायचा असेल त्यांनी खुशाल घालावा. आमच्या भवानीनगरच्या परिसरात ती केव्हाच कापून झाली. आदेश निघाला नाही, सभागृहात गदारोळ झाला नाही, कुणाचा पुतळा जळला नाही. रक्कम जिथल्या तिथे ठेवली आणि बाजाराला पुढे जाऊ दिलं. काम फत्ते.

भवानीनगर म्हणजे श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना. कारखाना इंदापूर तालुक्यात, सभासद इंदापूरचे आणि बारामतीचेही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी, त्या पाण्यावर ऊस, आणि उसाच्या जिवावर माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, नीरा-भीमा असे एकापाठोपाठ एक उभे राहिलेले कारखाने. या कारखान्यांतून रिटायर झालेले फिटर, पॅनमन, चिटबॉय, वॉचमन आमच्या वाड्या-वस्त्यांवर घरोघरी सापडतात. हंगामात रात्रपाळ्या केल्या, हंगाम संपला की रिटेन्शनवर दिवस काढले, अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल-श्रीफळ घेतलं आणि घरी बसले. त्यांच्या पेन्शनीचं नाव ईपीएस-९५, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना.

हिच्या सूत्राला पदवी लागत नाही, मी शाळेत सातवीच्या पोरांकडून करून घेतलं असतं. पेन्शनपात्र पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तराने भागायचं. योजना सुरू झाली १६ नोव्हेंबर १९९५ रोजी. २००१ पासून २०१४ पर्यंत नियम असा, की पगार कितीही असो, पेन्शनसाठी ६,५०० रुपयांच्या वर मोजायचा नाही. आता २०१० च्या अखेरीस रिटायर झालेला एक कामगार घ्या. पंधरा वर्षं गुणिले ६,५००, भागिले सत्तर. उत्तर १,३९३ रुपये महिना. पंच्याण्णवच्या आधीच्या नोकरीबद्दल वर थोडी चिल्लर.

त्याच २०१०-११ च्या हंगामात उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, होती टनाला १,३९१ रुपये. म्हणजे महिन्याची पेन्शन बरोब्बर एक टन उसाची. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने एफआरपी जाहीर केली टनाला ३,५५० रुपये. पेन्शन तीच, कारण ईपीएसला महागाई भत्ता हा प्रकारच नाही. ज्या आकड्यावर माणूस रिटायर होतो, त्याच आकड्यावर तो तिरडीवर चढतो. आज त्याच्या पेन्शनीत चारशे किलोही ऊस येत नाही. दरम्यान एफआरपीसाठी साखर उताऱ्याचा पाया साडेनऊ टक्क्यांवरून सव्वादहावर नेला, हे सभासद म्हणून मलाही पाठ आहे. पण तो फरक धरून हिशेब केला तरी सव्वाचारशे किलोच्या वर काटा जात नाही. उरलेला पावणेसहाशे किलो ऊस कुणी तोडून नेला? ही कपात नव्हे तर काय? कपातीचा आदेश काढला असता तर निदान खाली कुणाची तरी सही असती.

मजा पुढे आहे. जिनसाचा भाव गोठवला की माणूस मरतो, हे शहाणपण आमच्या साखरसम्राटांना शिकवावं लागत नाही. साखरेची किमान विक्री किंमत जून २०१८ मध्ये किलोला २९ रुपये ठरली, फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ झाली, आणि मग वर्षानुवर्षं तिथेच थांबली. त्यावर काय आक्रोश! दिल्लीला शिष्टमंडळं, साखर परिषदेत भाषणं, वार्षिक सभेत ठराव. एफआरपी वाढली, डिझेल वाढलं, पगार वाढले, मग एकतीसमध्ये कारखाना जगायचा कसा? अगदी खरं आहे. मी स्वतः त्या सभांना हात वर केला आहे. पण हाच प्रश्न ज्याने बॉयलरपाशी उभं राहून ती साखर काढली तो विचारतो, तेव्हा त्याच व्यासपीठावरचे लोक घड्याळ बघतात. ईपीएसची किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ रोजी एक हजार रुपये झाली आणि तिथेच बसून राहिली. साखरेचा भाव गोठला तर धंद्यावर संकट, माणसाचा गोठला तर आर्थिक शिस्त!

चालू कामगारांचं त्यातल्या त्यात बरं. त्यांच्यासाठी त्रिपक्षीय समिती बसते, भांडणं होतात, २०२५ मध्ये १० टक्के वाढ पदरात पडली. निवृत्तांसाठी त्रिपक्षीय सोडा, एकपक्षीय समितीही बसत नाही. आणि राज्यात कित्येक कारखान्यांत ग्रॅच्युइटी वेळेवर मिळत नाही, त्यासाठी निवृत्त माणसाला ज्या टेबलांसमोर उभं राहावं लागतं, त्या टेबलामागे बसलेल्याला कधीकाळी त्यानेच काम शिकवलेलं असतं. असो.

आता सुशिक्षितांचा लाडका आक्षेप. जेवढं भरलं तेवढंच मिळणार. फंडात तूट आहे. उगाच भावनिक होऊ नका. ठीक, भावना बाजूला ठेवू. पेन्शन फंडात जातात मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के आणि सरकारचे १.१६ टक्के. पण कशाचे? मर्यादेचे. ६,५०० ची मर्यादा असताना महिन्याला ५४१ रुपये, २०१४ नंतर १५,००० ची झाल्यावर १,२५०. ही मर्यादा पॅनमनने ठरवली होती का? तेरा वर्षं ती हलवली नाही ती कुणी? त्याच्या पगाराचा तुकडाच मोजायचा, त्या तुकड्यावर पेन्शन ठरवायची, आणि मग तोंड वर करून सांगायचं की बाबा, तू भरलंसच कमी. ज्याने माप ठरवलं त्याचीच चूक मापून घेणाऱ्याच्या पदरात बांधायची, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे, पण मी मास्तर पडलो.

बरं, महागाईशी पेन्शन जोडणं देशाला परवडतच नाही असंही नाही. जोडलेली आहे, फक्त माणसं निवडून जोडलेली आहे. खासदारांचे पगार आणि पेन्शन २०१८ च्या कायद्याने महागाई निर्देशांकाशी बांधले गेले. त्यानुसार मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि माजी खासदारांची पेन्शन २५,००० वरून ३१,००० झाली, तीही एप्रिल २०२३ पासून मागच्या फरकासह. उपोषण नाही, निवेदन नाही. आणि आपले आमदार? ऑगस्ट २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच्या पगारवाढीचं आणि पेन्शनवाढीचं विधेयक चर्चेविना मंजूर करून घेतलं. एकदा आमदार झालं की महिना ५०,००० पेन्शन, आणि पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षाला वर दोन हजार. एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारे पक्ष त्या दिवशी एका ताटात जेवले. पन्नास निवृत्त कामगारांची किमान पेन्शन एकत्र केली की एका माजी आमदाराची होते, आणि बोजा म्हणतात तो त्या पन्नासांचा.

ज्यांना ईपीएसही नाही, त्या शेतमजूर म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांसाठी श्रावणबाळ योजना आहे. पासष्ट वर्षं पूर्ण हवीत, रक्कम आता दीड हजार. अट मात्र एकच ऐका: वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत. दिवसाला अठ्ठावन्न रुपयेसुद्धा नाहीत. ज्या कामगाराला ईपीएसचे १,८०० रुपये मिळतात, त्याचं वर्षाचं होतं २१,६००. सहाशे रुपयांनी तो श्रीमंत झाला, श्रावणबाळाने त्याची कावड खाली ठेवली. आता दुसरीकडे बघा. लाडकी बहीण योजनेला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेलाही अडीच लाख, आणि माणशी ३०,००० पर्यंत प्रवासखर्च. म्हणजे सरकारी दफ्तरात काशीला न्यायचा गरीब वेगळा आणि भाकरी द्यायचा गरीब वेगळा. अडीच लाखवाल्याला रामेश्वर दाखवतील, बावीस हजारवाल्याला तलाठ्याकडून तहसीलला आणि तहसीलकडून सेतूला पाठवतील. ही पण यात्राच म्हणा.

लाडक्या बहिणीचं वय एकवीस ते पासष्ट. पासष्टी उलटली की ती बहीण राहत नाही, म्हातारी होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी पाच लाख अपात्र महिलांचा हिशेब दिला, त्यात १ लाख १० हजार नावं पासष्टीच्या वरची होती. आता त्यांनी २१,००० चा दाखला शोधावा. बहिणींचं काढून म्हाताऱ्यांना द्या असं मी म्हणत नाही; शेजारणीच्या हातातला घास मोजणाऱ्यांतला मी नव्हे. माझं म्हणणं एवढंच, की निवडणुकीच्या आधी अडीच लाखवाली गरीब दिसते, तर तिची सासू एकवीस हजारांवर श्रीमंत कशी दिसते?

केंद्राची तऱ्हा याहून वरचढ. इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेत ऐंशीच्या आतल्या म्हाताऱ्यामागे केंद्राचा वाटा २०० रुपये. २००७ मध्ये योजनेला ते नाव दिलं तेव्हाही दोनशे, नंतर सरकारं बदलली तरी दोनशे. इंदिराबाईंचं नाव पुसायला उत्सुक असलेल्यांनी तिथे मात्र ते राहू दिलं, बहुधा रकमेची लाज कुणाच्या तरी नावावर असावी म्हणून. आणि मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या नावाखाली ज्येष्ठांची रेल्वे सवलत काढून घेतली, ती कोरोना गेल्यावर परत दिली का? लॉकडाऊन उठला, म्हाताऱ्यांच्या सवलतीचा उठला नाही.

माझ्याबद्दलही बोलतो, नाहीतर कुणीतरी बोलेलच. मी जुन्या पेन्शनचा निवृत्त शिक्षक आहे. शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाई भत्ता. मला कुणी फुकट दिलेली नाही आणि मी ती सोडणारही नाही. मार्च २०२३ मध्ये राज्याचे कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले, तेव्हा गावातले लोक आम्हाला शिव्या घालत होते, आणि मला त्या शिव्यांचा राग आला नाही. आमच्या मिशनमध्ये ईपीएसवाला कुठे होता? नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या माझ्या सहकाऱ्यांवर अन्याय झाला हे खरं. पण शाळेला कुंपणाने लागून ज्याचं घर, त्याच्या हजार रुपयांवर आमच्या एकाही संघटनेने एक दिवस खडू खाली ठेवला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस विधानसभेत म्हणाले होते, जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल. पुढच्या दीड वर्षातच, जून २०२४ च्या अर्थसंकल्पात, बारामतीच्याच अर्थमंत्र्यांनी वर्षाला ४६,००० कोटींची लाडकी बहीण योजना जाहीर केली. दिवाळखोरीची तारीख मतदानाच्या तारखेपुढे सरकते, हे अर्थशास्त्र मला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

ईपीएसवर कुणी अभ्यास केला नाही असंही नाही. राज्यसभेच्या याचिका समितीने २०१३ मध्ये किमान पेन्शन तीन हजार करा असं सांगितलं. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी. हेच कोश्यारी पुढे आमचे राज्यपाल झाले, साडेतीन वर्षं मलबार हिलवर राहिले, शिवरायांपासून सावित्रीबाईंपर्यंत नको त्या विषयांवर बोलले. स्वतःच्या अहवालावर तेवढे बोलले असते तर महाराष्ट्राने त्यांना दुवा दिला असता. बुलढाण्यात कमांडर अशोक राऊत यांच्या संघर्ष समितीने डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण मांडलं. मागणी ७,५०० रुपये, महागाई भत्ता आणि औषधपाणी. सत्तरीतली माणसं वर्षानुवर्षं मंडपात बसली, मंत्री आले, फोटो झाले, सकारात्मक विचार झाला. सरकारचा सकारात्मक विचार हा एक असाध्य आजार आहे, त्यात रोगी सोडून सगळे बरे राहतात.

ब्रिटनमध्ये सरकारी पेन्शन महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के यांपैकी जे जास्त असेल त्याने दरवर्षी वाढते. २०२४ मध्ये तिथल्या सरकारने बहुतेक वृद्धांचा हिवाळी इंधन भत्ता काढला, तर एवढी बोंब झाली की वर्षाच्या आत बहुतेकांना तो परत द्यावा लागला. आमचे म्हातारे बोंबलत नाहीत. हयातीच्या दाखल्यासाठी मशीनवर अंगठा ठेवतात, चाळीस वर्षं लोखंड आणि पाचट हाताळून रेषा झिजलेल्या असतात, मशीन म्हणतं जुळत नाही. पोरगं म्हणतं, बाबा, दुसरं बोट ठेवा. दुसरं ठेवतात.

म्हणून यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी एक उपसूचना मांडणार आहे. साखरेची किमान विक्री किंमत वाढवावी, असा ठराव विषयपत्रिकेवर असेलच. तो मंजूरही होईल. त्याच ठरावात, त्याच पत्रात, त्याच कारणांसह एक ओळ घालावी: ईपीएस-९५ ची किमान पेन्शन साडेसात हजार करावी आणि महागाईशी जोडावी. वेगळा मसुदा लिहायची गरज नाही, ‘साखर’ खोडून ‘कामगार’ लिहिलं की भागतं. सूचक मी. अनुमोदनासाठी व्यासपीठावरच्या कुणीही हात वर करावा, मी मागे वळून बघणार नाही, समोरच बघत राहणार आहे.