यंत्राबरोबर सांध्याचेही शिक्षण हवे

बंगळुरूच्या गांधी कृषी विज्ञान केंद्राच्या प्रांगणात भरणारा कृषी मेळा असो वा हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा मेळा, प्रक्रिया यंत्रांच्या दालनात आता स्टेनलेस स्टीलचेच राज्य दिसते. गर काढण्याची यंत्रे, वाळवणीचे ट्रे, दुधाच्या व रसाच्या टाक्या, सारे या पातळ, चकचकीत पत्र्याचे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत असल्याने ही यंत्रे खेडोपाडी पोहोचू लागली आहेत. मात्र यंत्र पोहोचले तरी त्याची निगा राखणारा हात पोहोचला आहे काय, हा प्रश्न विस्तार यंत्रणेने अद्याप गांभीर्याने घेतलेला नाही.

शेती आणि धातुकाम यांचे नाते जुने आहे. गावगाड्यात लोहार बलुतेदार होता, तो फाळ शेवटून देत असे. बेळगावात लोखंडी नांगर घडवणारा किर्लोस्करांचा उद्योग १९१० साली किर्लोस्करवाडीला गेला आणि याच घराण्याने १९४६ साली बंगळुरूत किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी उभी केली. आज मात्र स्टीलच्या टाकीचा सांधा सुटला तर गावात तो जोडणारा कोणी नसतो. आंब्याचा हंगाम मोजक्या आठवड्यांचा. टाकी शहरात पाठवून परत येईपर्यंत फळ थांबत नाही. म्हणूनच काही प्रगतिशील शेतकरी छोटे मिग वेल्डिंग यंत्र घरीच घेतात. ही प्रवृत्ती स्वागतार्ह आहे. परंतु साध्या लोखंडावर शिकलेला हात स्टीलच्या पातळ पत्र्यावर तसाच चालवणे महागात पडते.

कारण या धातूच्या स्वभावातच आहे. अन्नप्रक्रियेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. साध्या लोखंडाच्या तुलनेत ते उष्णता सुमारे एक तृतीयांशच वाहून नेते आणि तापल्यावर जवळपास दीडपट प्रसरण पावते. उष्णता सांध्यापाशीच साठते व पत्रा वाकतो किंवा त्याला भोक पडते. शिवाय सुमारे ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात धातू अधिक काळ राहिल्यास क्रोमियम कार्बनशी संयोग पावते आणि सांध्यालगतचा भाग गंजास बळी पडतो. त्यामुळे ‘स्टील गंजत नाही’ हा समज सांध्याच्या बाबतीत फसवा ठरतो.

यावरून कामाची रीत ठरते. ३०४ प्रतीसाठी कमी कार्बनची ३०८ एल वायर, ३१६ साठी ३१६ एल आणि स्टील साध्या लोखंडाला जोडायचे असल्यास ३०९ एल वायर वापरावी. पातळ पत्र्याला ०.८ मिमी जाडीची वायर पुरते. लोखंडासाठी चालणारा निव्वळ कार्बन डायऑक्साइड येथे वर्ज्य. ९८ टक्के आर्गॉन व २ टक्के कार्बन डायऑक्साइड हे मिश्रण योग्य. प्रवाह व वायरचा वेग त्याच पत्र्याच्या तुकड्यावर आधी पडताळून घ्यावा. कडा फट न ठेवता जुळवून जवळजवळ टॅक मारावेत, सांध्याखाली तांब्याची पट्टी ठेवावी, टॉर्च ढकलत न्यावा आणि एका दमात लांब सांधा न ओढता थोडे इकडे, थोडे तिकडे असे काम करून मधून पत्रा थंड होऊ द्यावा. लोखंडावर वापरलेला ब्रश वा ग्राइंडरची चकती स्टीलला लावू नये. तिच्यातील लोहकण पुढे गंजाचे ठिपके होतात. सांध्याचा फिकट पिवळा रंग चालतो, गडद निळा-काळा थर मात्र काढून टाकावा लागतो.

या कामात अधिक मोलाचे काही असेल तर ते माणसाचे फुप्फुस. स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात षट्संयुजी क्रोमियम व निकेल असते, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराचा समावेश कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात केला. बंद गोठ्यात वा कोठारात, तोंडावर उपरणे बांधून हे काम करणे म्हणजे आजाराला आवतण देणे होय. धूर चेहऱ्यापासून दूर ओढला जाईल अशी हवा, योग्य मुखपट्टी, वेल्डिंगचे शिरस्त्राण आणि कातडी हातमोजे ही यंत्राच्या किमतीतच धरावयाची बाब आहे. थेट पंख्याचा झोत मात्र संरक्षक वायू उडवून लावतो, हेही ध्यानी ठेवावे.

शेतकऱ्याने शेती करावी आणि सांधे कारागिराने जोडावेत, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. अन्न ज्या पृष्ठभागाला लागते तेथील सांधा आतून गुळगुळीत, भेगरहित हवा. २०११ च्या अन्नसुरक्षा परवाना विनियमांतही उपकरणे न गंजणारी व सहज स्वच्छ होणारी असावीत असे बंधन आहे. असा सांधा टिग पद्धतीने, मागील बाजूसही आर्गॉन देऊन, पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील अथवा जवळच्या एमआयडीसीतील कुशल कारागिराकडूनच करून घेणे शहाणपणाचे. कोकणातील कोकम आगळात आम्ल व मीठ दोन्ही असल्याने तेथे ३१६ प्रतीचा आग्रह धरणेही आवश्यक. परंतु सांगाडे, झाकणे, वाळवणी यंत्राच्या चौकटी, ट्रॉल्या आणि बाहेरील आधार यांसाठी घरचे मिग पुरेसे आहे. कोणता सांधा घरी व कोणता बाहेर, हा विवेकच शिकवण्याजोगा आहे.

तेव्हा कृषी विज्ञान केंद्रांनी प्रक्रिया उद्योगाच्या प्रशिक्षणात यंत्र चालवण्याबरोबर त्याच्या दुरुस्तीचेही दोन दिवस राखावेत आणि त्यासाठी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे निदेशक बोलवावेत. विस्तार कार्यकर्त्याने अनुदानाच्या अर्जासोबत धातूची प्रत, वायर व मुखपट्टी यांचीही विचारपूस करावी. यंत्र अनुदानातून मिळेल. ते दहा हंगाम टिकेल की दोन, हे मात्र सांधा जोडणाऱ्या हाताच्या शिक्षणावरच ठरेल.