टोपलीतला नाग आणि मुलांचे शिक्षण

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याला २१ नाग पकडण्याची परवानगी दिली. नागपंचमीला जिवंत नाग पकडून त्यांची पूजा आणि मिरवणूक, ही तिथली जुनी परंपरा. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती थांबली होती. या परवानगीत कारण दिले होते ते शिक्षणाचे: नागांविषयीचे पारंपरिक ज्ञान तरुणांपर्यंत जावे. मिरवणूक, प्रदर्शन, स्पर्धा नको आणि नाग परत सोडावेत, अशा अटीही होत्या. शेजाऱ्याच्या सणावर बोट ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाही. मी थांबले ती ‘शिक्षण’ या शब्दापाशी. हा शब्द घेऊन आमच्या शाळांतही लोक येतात. कोणी पिशवीत धामण आणतो, कोणी बरणीत फुरसे, आणि मुख्याध्यापकांना सांगतो की मुलांना प्रत्यक्ष दाखवले की भीती जाते.

भीती जाते हे खरे. पण ती जावी का?

गारुड्याच्या खेळातून पिढ्यान्‌पिढ्या मुले काय शिकली ते पाहा. नाग पुंगीच्या सुरावर डोलतो, हे शिकली. नागाला बाहेरचा कान नाही. तो हलणाऱ्या पुंगीवर डोळा ठेवून असतो. नाग दूध पितो, हेही शिकली. कित्येक दिवस पाण्यावाचून ठेवलेला प्राणी समोर येईल ते पितो, एवढेच त्यात असते. नाग हातात धरता येतो, हा तिसरा धडा, आणि तोच सर्वांत घातक. ज्याचे विषदात उपटले आहेत किंवा तोंड शिवले आहे असा नाग कोणालाही धरता येतो. टोपलीतून उठून गेलेल्या मुलाच्या डोक्यात मात्र ‘विषदात उपटलेला’ हे शब्द राहत नाहीत. ‘धरता येतो’ एवढेच राहते.

हे आपल्याकडेच चालते असे नाही. अमेरिकेतल्या जत्रांतून ॲलिगेटर जातीच्या मगरी अशाच ‘शैक्षणिक’ म्हणून फिरवल्या जातात. मगरीचा जबडा मिटणारे स्नायू प्रचंड ताकदीचे, पण उघडणारे दुबळे. म्हणून साध्या चिकटपट्टीनेही तिचे तोंड बंद राहते. मग मुलांना ती मांडीवर देऊन फोटो काढतात. माहिती सांगणारा कितीही खरे सांगो, मुलाच्या हातांना कळलेले असते की मगर गप्प पडून राहते.

मांजरीला बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. तिने मांजरीला खायला दिले नाही आणि स्वतःचे पोट भरायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती अजाबाला पात्र ठरली. मला यातले ‘मोकळेही सोडले नाही’ महत्त्वाचे वाटते. जिवावर बेतलेला साप किंवा विंचू मारण्याची शरीअतने मनाई केलेली नाही. (सर्पमित्र बोलावता येत असताना काठी शोधण्याचे कारण मात्र नाही.) पण धोका नसताना त्याला कोंडून, उपाशी ठेवून तमाशा करणे ही वेगळी गोष्ट झाली.

आता दुसरी बाजू, जी आपल्या समाजाने तरी विसरू नये. मदारी आणि गारुडी यांच्यात मुसलमान घरे पुष्कळ आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांची टोपली गुन्ह्याची झाली. प्राण्यांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण टोपली काढून घेतल्यावर त्या हातांत काय द्यायचे याचा विचार फारसा झाला नाही. सणासाठी नाग धरणे शिक्षण ठरते आणि पोटासाठी धरणे गुन्हा, असे एखाद्या मदाऱ्याच्या मुलाने म्हटले तर त्याला काय उत्तर द्यावे?

एक उत्तर तामिळनाडूत सापडते. तिथले इरुळा आदिवासी पूर्वी कातड्यासाठी साप मारत. तो व्यापार बंद झाल्यावर १९७८ मध्ये त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. चेन्नईहून महाबलीपुरमला जाताना वडनेमेली येथे, मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या आवारात ती आहे. सरकारी परवान्यावर ते साप पकडतात, काही आठवडे ठेवून त्यांचे विष काढतात आणि साप जंगलात सोडतात. त्या विषापासून सर्पदंशावरची लस बनते. विष काढताना पाहुण्यांनाही पाहता येते. त्याला मी बिनदिक्कत शिक्षण म्हणेन. तिथे साप कशासाठी धरला आहे ते दिसते, धरणाऱ्याला त्याची किती भीती आहे तेही दिसते, आणि कुणाच्या गळ्यात तो घातला जात नाही.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे गेली असा अंदाज आहे. त्यातली चौथ्या हिश्शाहून अधिक पंधरा वर्षांखालील मुले. घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या मुलांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार साप ओळखता आलेच पाहिजेत. मण्यार रात्री चावते, बहुधा जमिनीवर झोपलेल्यांना. दुखत नाही, खूणही कधी दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे समजतात की रात्रीचे खाणे बाधले. म्हणून मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचायची. फजरच्या नमाजला अंधारात निघालेल्या मुलाच्या हाती बॅटरी द्यायची. लाकडे, चिरे, पेंढा यांत नुसता हात घालायचा नाही. चावलेच तर कापायचे, चोखायचे, करकचून बांधायचे नाही. हातपाय हलू न देता रुग्णालय गाठायचे. दुआ जरूर करावी, दमही करावा, पण गाडीत बसून, वाटेत.

या सगळ्यासाठी जिवंत साप कुठे लागतो?

गोव्यात, आपल्या नव्हे तर तिकडच्या फोंडा तालुक्यात, दुर्भाट भागात ‘मांगे थापणी’ होते. कोकणीत मांगे म्हणजे मगर. कुंभारजुवे कालव्यात खऱ्या मगरी आहेत. त्याच पाण्याकाठी खाजण शेतीच्या बांधावर पौष अमावास्येला चिखलाची मगर थापून तिच्या अंगावर शिंपल्यांचे खवले लावतात. श्रद्धा त्यांची; मला त्यातली युक्ती आवडली. मगर चिखलातून घडवायची तर तिचे दात, शेपूट, पाठीवरचे उंचवटे नीट आठवावे लागतात, आणि खरी मगर पाण्यात राहते.

आम्ही शाळेत ओढ्याकाठची माती आणून चारही साप करून पाहिले. नागाचा फणा सर्वांना जमला. घोणशीच्या पाठीवरच्या साखळीसारख्या ठिपक्यांना कोळसा पुरला. मण्यारीचे जोडीने जाणारे पांढरे पट्टे चुन्याने काढले. फुरसे अडले. ते वेटोळे घालून अंगाचे करवती खवले एकमेकांवर घासते आणि त्याचा खसखस आवाज होतो. रात्री पायवाटेवर दिसण्याआधी तो ऐकू येतो. मातीतून आवाज कसा काढायचा? सहावीतल्या एका मुलीने वडिलांच्या सुतारकामातले पॉलिश पेपरचे दोन तुकडे आणले, वर्गाला डोळे मिटायला सांगितले आणि ते एकमेकांवर घासले.