वृक्षाचा अजमास आणि शेतकऱ्याचे मुद्दल

ज्वारीच्या किंवा कापसाच्या पिकाविषयी बांधलेला अंदाज चुकला, तर त्याचा चटका शेतकऱ्याला एका हंगामापुरता बसतो. पुढच्या मृगाला तो बियाणे बदलतो, वाण बदलतो, निदान पेरणीचा वेळ तरी बदलतो. वृक्षाच्या लागवडीत ही सोय नाही. ज्याने आपल्या दोन एकरांत निवडक वाणाची रोपे लावली, त्याने वीस वर्षांचे आपले पाणी, आपली मेहनत आणि आपल्या जमिनीचा अन्य उपयोग यांचा एकदाच आणि एकाच सहीने निकाल लावलेला असतो. म्हणून सरकार असो, सहकारी संस्था असो वा खाजगी मंडळी असो, सुधारित वाणाचा वृक्ष लावण्याचा सल्ला जो देईल त्याने त्या वृक्षाच्या वाढीचा आणि त्यापासून होणाऱ्या प्राप्तीचा अजमास प्रत्यक्ष मोजणीवर उभारून, त्यातील अनिश्चिततेसह, लेखी स्वरूपात शेतकऱ्याच्या हाती दिला पाहिजे, आणि असा दस्तऐवज नसेल तर तेथे अनुदानही नसावे व कर्जही नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे. या मताला जयपूरचे एक उदाहरण विशेष बळ देते.

2007 साली राजस्थान सरकारने राजस्थान ऑलिव्ह कल्टिव्हेशन लिमिटेड या नावाची कंपनी स्थापन केली. राज्याचे कृषी पणन मंडळ, पुण्याची ठिबक सिंचनाच्या क्षेत्रातील फिनोलेक्स प्लासन आणि इस्राएलची इंडोलिव्ह असे तीन भागीदार तीत एकत्र आले. पुढच्याच वर्षी इस्राएलहून एक लाखाहून अधिक रोपे आणवून ती सात ठिकाणच्या सरकारी जमिनींवर, एकंदर 182 हेक्टरांत लावण्यात आली. जयपूर जिल्ह्यातील बस्सी, बिकानेरकडील लूणकरणसर, नागौरमधील बाकलिया, जालोरमधील सांथू, श्रीगंगानगरमधील बरोर, अलवरमधील तिनकीरुडी आणि झुंझुनूमधील बासबिसना ही ती सात ठिकाणे होत. वाणही सातच होते: बर्निया, आर्बेक्विना, कोराटिना, फ्रान्टोयो, कोरोनेकी, पिक्वाल आणि पिशोलिन. यांतील पहिला इस्राएलचा, दोन स्पेनचे, दोन इटलीचे, एक ग्रीसचा आणि एक फ्रान्सचा. 2014 साली लूणकरणसर येथे तेल काढण्याचा कारखाना सुरू झाला, आणि दरम्यान खाजगी शेतकऱ्यांनाही अनुदानावर रोपे देऊन लागवडीस प्रवृत्त करण्यात आले. वाळवंटाच्या कडेवर भूमध्य समुद्राकाठचा वृक्ष जगवून दाखविण्याचे ते साहस निःसंशय प्रशंसनीय होते, आणि ठिबकाच्या पाण्यावर झाडे जगलीही.

परंतु झाड जगणे ही एक गोष्ट आणि झाडाने मुद्दल फेडणे ही दुसरी. ऑलिव्हला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्याची पुरेशी थंडी काही आठवडे अंगावर घ्यावी लागते. ती कमी पडली, किंवा माघातच ऊन तापू लागले, की झाड पानांनी डवरते पण फुलत नाही. शिवाय एका वर्षी भरघोस आणि दुसऱ्या वर्षी अल्प असे फळण्याचा त्याचा स्वभावधर्मच आहे, आणि त्याचे परागण वाऱ्याच्या स्वाधीन असल्यामुळे कोणत्या वाणाशेजारी कोणता वाण लावला यावरही फळधारणा अवलंबून राहते. कॅटलोनियातील आर्बेक्विना आणि अंदालुसियातील पिक्वाल यांनी आपापल्या मायभूमीत जो लौकिक मिळविला, तो त्या भूमीच्या पावसाचा, मातीचा आणि थंडीचाही लौकिक आहे. त्यातील किती वाटा रोपाबरोबर जहाजात चढतो आणि किती तेथेच राहतो, हे मोजल्याविना कळत नाही. राजस्थानात पुढे अनेक बागांत अपेक्षेइतकी फळे धरली नाहीत, आणि काही शेतकऱ्यांनी वाढविलेली झाडे उपटून पुन्हा आपल्या नेहमीच्या पिकांची वाट धरली.

या प्रकरणात प्रयोग करणाऱ्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. सात वाण सात हवामानांत लावून पाहणे हे मुळातच उत्तम प्रयोगाचे लक्षण आहे. माझा आक्षेप क्रमाविषयी आहे. ऑलिव्हचे झाड तिसऱ्या ते पाचव्या वर्षी फळू लागते आणि त्याची खरी शक्ती त्यानंतर कित्येक वर्षांनी प्रकट होते. तेव्हा सात ठिकाणच्या सात वाणांचा किमान दहा वर्षांचा ताळेबंद हाती येईपर्यंत ते क्षेत्र प्रयोगक्षेत्रच मानणे, आणि तो ताळेबंद जिल्हावार व वाणवार प्रसिद्ध करून मगच शेतकऱ्याला बोलावणे, हाच न्याय्य क्रम होता.

हा क्रम कसा असतो हे पाहावयाचे तर पाइन वृक्षाच्या लागवडीकडे पाहावे. अमेरिकेच्या दक्षिण भागात लॉबलॉली पाइन आणि न्यूझीलंडमध्ये, मूळच्या कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील, रेडिएटा पाइन यांचे संवर्धन विसाव्या शतकाच्या मध्यापासून शास्त्रशुद्ध रीतीने चालू आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात 1956 साली ब्रूस झोबेल यांनी वनस्वामी कंपन्या आणि विद्यापीठ यांची जी सहकारी संघटना उभारली, तिने जंगलातील सरळ, जोमदार आणि निरोगी झाडे हेरली, त्यांच्या कलमांच्या बीजबागा उभ्या केल्या, आणि त्या बीजाच्या संततीची कसोटी जागोजागी घेतली. पुढच्या पिढ्यांत हीच निवड पुन्हा पुन्हा होत गेली. इतक्या दीर्घ आणि काटेकोर परंपरेतूनही जो धडा निघाला तो नम्रतेचा आहे. प्रयोगक्षेत्रात सुधारित कुळाची चार-सहा रोपे सामान्य रोपांच्या शेजारी लावली, तर ती शेजाऱ्यांचा प्रकाश आणि पाणी बळकावून भराभर वाढतात, आणि त्यांच्या उंचीवरून काढलेला अंदाज डोळे दिपविणारा असतो. परंतु संपूर्ण शेतच त्या एका कुळाने भरले, की प्रत्येकाचा शेजारी तितकाच बलवान असतो, आणि ओढून घेण्याजोगे दुर्बलाचे काही उरत नाही. त्याचप्रमाणे पाचव्या वर्षी उंचीत दिसणारी टक्केवारी पंचविसाव्या वर्षी लाकडाच्या घनफळात तशीच उतरेल असे मानता येत नाही. म्हणून तेथील वनशास्त्रज्ञ एका कुळाचे मोठे सलग तुकडे लावून ते वर्षानुवर्षे मोजतात, जमिनीची प्रत ठरविण्यासाठी त्या जागेवरील अग्रगण्य झाडांची ठराविक वयातील उंची हे माप वापरतात, आणि वाणाचा लाभ त्या जमिनीच्या हिशेबात बेताबेताने मिळवितात.

वाढीचा हिशेब असा बिकट आणि पैशाचा हिशेब त्याहून निष्ठुर आहे. जमीन व वन यांच्या मूल्यमापनाचे जे सूत्र जर्मन वनाधिकारी मार्टिन फाउस्टमान यांनी 1849 साली मांडले, त्याचे मर्म इतकेच की दूरच्या उत्पन्नातून आजवरच्या व्याजाची वजावट केल्याखेरीज त्याची किंमत ठरत नाही. समजा, एका लागवडीतून विसाव्या वर्षी एक लाख रुपये हाती येणार आहेत. शेकडा 12 दराने चक्रवाढ व्याज धरले तर त्या लाखाची आजची किंमत 10,367 रुपये होते. वाणाच्या गुणाने तेच लाख अठराव्या वर्षी मिळाले, तर ती किंमत 13,004 रुपयांवर जाते, आणि निवडक वाणाचे खरे सामर्थ्य येथेच दिसते. उलट जमीन हलकी निघाली, थंडी किंवा पाणी कमी पडले, आणि तेच लाख पंचविसाव्या वर्षी आले, तर आजची किंमत उरते फक्त 5,882 रुपये. वाणाने दहा टक्के लाकूड अधिक दिले असे मानले तरीही ती 6,470 रुपयांपुढे जात नाही. जाहिरातीत मात्र केवळ ते एक लाख ठळक अक्षरांत छापले जाते. कोणत्या वर्षी आणि कोणत्या व्याजदराने, याचा उल्लेख नसतो.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. 1990 नंतरच्या दशकात वर्तमानपत्रांत सागाच्या लागवडीच्या योजनांचा पूर आला होता; आज हजार रुपये भरा आणि वीस वर्षांनी त्याच्या कैक पट घ्या, असे आश्वासन देऊन मध्यमवर्गीयांची बचत गोळा केली जात होती. अशा कंपन्या बुडू लागल्यावर 1997 साली सरकारने या योजना सेबीच्या नियंत्रणाखाली आणण्याचा निर्णय घेतला आणि 1999 साली सामूहिक गुंतवणूक योजनांविषयीचे विनियम अंमलात आले; पण तोवर अनेकांचे मुद्दलही गेले होते. खेदाची गोष्ट अशी की सागाच्या वाढीविषयी आपल्या देशात अज्ञान मुळीच नव्हते. केरळात निलंबूर येथे सागाची लागवड 1840 च्या दशकापासून चालू आहे, आणि लॉरी व बक्षी संत राम यांनी 1940 साली हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील सागलागवडींची जी उत्पन्नकोष्टके प्रसिद्ध केली, त्यांत जमिनीच्या प्रतीनुसार वाढीचे वर्ग स्पष्ट दाखविलेले आहेत. उत्तम जमिनीवरील साग आणि निकृष्ट जमिनीवरील साग यांच्या उत्पन्नातील तफावत वनखात्याच्या दप्तरात नमूद असताना गुंतवणूकदाराला एकच आकडा दाखविला गेला. आणि एकच आकडा हाच सर्वांत मोठा अपलाप होता.

या बाबतीत आपल्याला परदेशी गुरू शोधण्याचीही गरज नाही. पिकाची आणेवारी नजरेने ठरविण्याची जुनी सरकारी रीत सोडून, यदृच्छेने निवडलेल्या शेतांतील ठराविक मापाचा तुकडा कापून, मळून, तोलून उत्पन्न ठरविण्याची शास्त्रीय पद्धत विसाव्या शतकाच्या चाळीसच्या दशकात भारतभर रुजविणाऱ्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. विनायक गोविंद पानसे हे दोन मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रभागी होते. कृषिक्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा इंग्रजी ग्रंथ 1954 साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे कृषिविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर घडल्या. कोणते शेत मोजावयाचे याची निवड मोजणाऱ्याच्या मर्जीवर सोडावयाची नाही, आणि आलेल्या सरासरीसोबत तिच्यातील संभाव्य चुकीचे मापही सांगावयाचे, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. एका हंगामाच्या गव्हासाठी जी शिस्त आपण अत्यावश्यक मानली, ती वीस वर्षांच्या वृक्षासाठी अनावश्यक कशी ठरते?

आज हा प्रश्न राजस्थानपुरता राहिलेला नाही. चंदन, महोगनी, मिलिया डुबिया यांच्या रोपांचे विक्रेते विदर्भापासून कोल्हापूरपर्यंत शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत एकरी उत्पन्नाचे मोठमोठे आकडे सांगत फिरत आहेत. त्यांतील काही वाण खरोखर चांगले असतीलही, आणि सुधारित वृक्षबीजाला विरोध करणे हा माझा हेतू नाही. शास्त्रशुद्ध निवडीने लाकूड वाढते, सरळ होते आणि रोगाला तोंड देते, हे पाइनने जगाला दाखवून दिले आहे. मागणी एवढीच आहे की कृषी विद्यापीठांनी आणि वनविभागाने प्रत्येक कृषिहवामान विभागात अशा वाणांचे सलग तुकडे लावून त्यांची मोजणी दरवर्षी जाहीर करावी. अनुदानाच्या प्रत्येक योजनेत अजमास निम्न, मध्यम आणि उच्च अशा तीन आकड्यांत द्यावा आणि निम्न आकडा प्रथम छापावा. तो ज्या झाडांवरून काढला त्यांचे वय, ठिकाण व जमिनीची प्रत त्याच कागदावर नमूद असावी. आणि बँकांनी कर्जाची मुदत व हप्ते मध्यम आकड्यावर न बेतता निम्न आकड्यावर बेतावेत. वाण चांगला असेल तर निम्न आकड्यावरही तो कर्ज फेडील. न फेडणारा वाण शेतकऱ्याच्या माथी मारण्याचा अधिकार कोणत्याही खात्याला नाही.

शेतकरी बंधूंना माझे सांगणे थोडक्यात आहे. रोपे विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: हे झाड कोठे मोजले, किती वर्षांचे असताना मोजले, आणि सर्वांत कमी उत्पन्न किती आले? उत्तर लेखी मिळाले तर विचार करा, आणि तरीही पहिल्या वर्षी शेताचा एक कोपराच त्या झाडाला द्या. उत्तर तोंडी मिळाले तर रोपे परत करा. मुद्दल तुमचे आहे, आणि त्याची राखण करणे हा तुमचा हक्क आहे.