आईला सोडून द्या



पहिला मोठा पाऊस झाला की शेतात आणि डबक्यांत बेडकांचे डराव डराव सुरू होते. त्याच रात्री टॉर्च आणि गोणपाट घेऊन काही जण बाहेर पडतात. आपल्या गोव्यात हे मांस ‘जंपिंग चिकन’ म्हणून चवीने खाल्ले जाते. खाणाऱ्यांत ख्रिस्ती घरेही आहेत, म्हणून हा विषय धर्मशिक्षणाच्या वर्गाबाहेरही बोलायला हवा, असे आम्हां धर्मशिक्षकांना वाटते.

“बेडूक हजारो अंडी घालतो, चार पकडले तर काय बिघडले?” असे लोक विचारतात. अंड्यांबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे आहे. मोठ्या बेडकाची मादी काही हजार अंडी घालते. पण अंडी इतकी असतात, कारण वाचणारे फार थोडे असतात. शेपटीची पिल्ले मासे, बगळे आणि पाणकिडे खातात. पाऊस लांबला तर डबके आटून ती मरतात. कधी ती एकमेकांनाही खातात. एका जोडीची सरासरी दोनच पिल्ले मोठी होऊन वीण देईपर्यंत जगली, तरी बेडकांची संख्या आहे तेवढी टिकते. देवाने सृष्टीत वाढ ठेवली तशी वाढीला मर्यादाही ठेवली.

गोणपाटात जातो तो बेडूक या सगळ्यांतून वाचलेला, वाढलेला असतो. उन्हाळाभर मातीत दडून तो याच रात्रीची वाट पाहत असतो. नर पिवळाधमक होऊन मादीला हाक घालतो. ती हाक ऐकूनच माणूस त्याला शोधतो, आणि टॉर्चच्या उजेडात तो जागीच बसून राहतो. अंडी घालण्याआधीच मादी पकडली गेली, तर तिच्याबरोबर ती हजारो अंडीही गेली.

पवित्र शास्त्रात, अनुवादाच्या २२ व्या अध्यायात, एक लहानशी आज्ञा आहे. वाटेत पाखराचे घरटे सापडले तर पिल्ले घेता येतील, पण आईला सोडून द्यावे. असे करणाऱ्याला कल्याण आणि दीर्घायुष्य लाभेल, असे तिथे वचन आहे. आईबापांचा मान राखणाऱ्यालाही याच पुस्तकात हेच वचन दिले आहे. आज्ञा लहान दिसते, पण देवाने तिला मोठ्या आज्ञेच्या शेजारी बसवले आहे. उत्पत्तीत फलद्रूप होण्याचा आशीर्वादही माणसाच्या आधी, पाचव्या दिवशी, पाण्यातल्या जिवांना आणि पाखरांना मिळतो. तो आशीर्वाद अर्ध्यावर तोडण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

समुद्राच्या बाबतीत हे आपल्याला पटलेले आहे. १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस ट्रॉलर किनाऱ्याला उभे राहतात. मासळी महाग होते, आपण कुरकुरतो, पण खाऱ्या मासळीवर भागवतो. मग शेतातल्या जिवाला तेवढी सवलत का नाही?

कायदा आहेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बेडकाला संरक्षण दिले आहे. बेडकाच्या तंगड्यांची निर्यातही भारताने १९८७ मध्ये बंद केली. बेडूक शेतातले किडे आणि खेकडे खातो, त्याच्या पिल्लांच्या तोंडी डासांच्या अळ्याही जातात. तो गेला की नुकसान शेतकऱ्याचेच.

पावसात रोजगार नसलेला एखादा मुलगा चार पैशांसाठी बेडूक पकडतो, हे आम्ही जाणतो. त्याच्यावर दगड उचलणे सोपे आहे. पण तो विकतो, कारण कोणीतरी विकत घेतो. म्हणून आमची विनंती आधी खाणाऱ्यांना आहे. सां जुआंवला, संत पेत्र-पौलाच्या सणाला, आपल्या ताटात बेडूक नको. हॉटेलात कोणी हळूच विचारले, तर स्पष्ट नाही म्हणा. आणि त्या मुलाला पावसाळ्यात दुसरे काही काम देता येईल का, याचाही विचार आपल्या वाड्यावर होऊ द्या.

हे प्रभो, तू निर्मिलेल्या जिवांची हाक ऐकण्यास आम्हांला कान दे, आणि पुरे म्हणण्याची शक्ती दे. आमेन.