छाटलेला स्वर

गतवर्षीं नेवाशाच्या घरीं आम्हीं आत्याबाईंच्या जात्यावरील ओव्या यंत्रावर उतरवून घेतल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पांत जमलेल्या लाखाहून अधिक ओव्यांविषयीं वाचल्यापासून ही इच्छा मनांत होती. आत्याबाईंचें वय नव्वदीचें, परंतु आवाज खणखणीत. त्यांत आम्हीं हौसेनें यंत्र त्यांच्या अगदीं तोंडाशीं धरलेलें. वरचा तांबडा दिवा मधून मधून लुकलुकत होता, पण पाहतो कोण? चातुर्मासांत आत्याबाई गेल्या. पुढें ध्वनिमुद्रण ऐकावयास बसलों, तों चढत्या स्वराशीं आवाज फाटलेला!

यंत्र आवाजाची लहर सेकंदास ४४,१०० वेळां मोजून अंकांत लिहितें. सोळा बिटांच्या मापनांत तो अंक ३२,७६७ च्या वर किंवा उणे ३२,७६८ च्या खालीं जाऊं शकत नाहीं. आवाज त्याहून मोठा झाला कीं लहरीचा माथा कापला जाऊन सपाट पठार उरतें, आणि मुळांत नसलेले कर्कश स्वर उत्पन्न होतात. ह्यास क्लिपिंग म्हणतात. आपण छाटणी म्हणूं.

हा दोष शोधणारें सॉफ्टवेअर रचणें वरवर सोपें वाटतें: अंक मर्यादेस टेकला कीं दोष नोंदवावा. परंतु एखादाच अंक शिखरास शिवून परतला, तर लहर निर्दोषहि असूं शकेल. म्हणून ऑडॅसिटी ह्या विनामूल्य सॉफ्टवेअरांत, आपण संख्या बदलली नाहीं तर, सलग तीन अंक मर्यादेवर असल्यासच छाटणी धरली जाते. उलटपक्षीं, छाटलेला ध्वनि कोणीं मागाहून हळू केला, तर पठारें कायम राहून मर्यादेच्या मात्र खालीं उतरतात, आणि केवळ मर्यादेकडे पाहणारा परीक्षक साफ फसतो. त्यानें सपाटीच हुडकली पाहिजे. शिवाय दोन अंकांच्या मधील लहर दोहोंहून उंच असूं शकते. ती कळावी म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या पद्धतींत मधले अंक गणितानें भरून त्यांची संख्या चौपट करतात व मग उंची पाहतात.

माझें गाऱ्हाणें शोधण्यापेक्षां सांगण्याविषयीं अधिक आहे. क्षणभर लुकलुकून विझणारा दिवा हा कसला इशारा? तो कोणी हातानें बंद करीपर्यंत पेटताच राहिला पाहिजे. आणि मागाहून मिळणारा अहवाल म्हणजे ‘सदोष’ एवढाच शेरा नव्हे. चूक कोठें तें न दाखवितां वहीवर भोपळा काढणारे मास्तर आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. छाटणी कोणत्या क्षणीं झाली व किती काळ टिकली, हें दोन्हीं हवें. ऑडॅसिटी त्या त्या जागीं चिठ्ठी लावून देतें, तिच्याच आधारें आम्हीं एकवीस ओव्या तपासल्या. नऊ अगदीं अखंड निघाल्या. प्रवरेच्या पुराची एक त्यांत आहे, तिनेंच घरांत सर्वांच्या डोळ्यांस पाणी आलें.

उरलेल्या बारांविषयीं घरांत वाद आहे. गेलेला माथा शेजारच्या लहरींवरून अदमासानें भरून देणारीं सॉफ्टवेअरें आहेत, आणि चिरंजीवांचा आग्रह कीं तीं वापरावीं. मीं संमति दिली, परंतु दुरुस्त प्रत निराळी ठेवावयाची, तिजवर तसें स्पष्ट लिहावयाचें, आणि मूळ ध्वनीस हात लावावयाचा नाहीं, ह्या अटीवर.