शेक घेतलाय, हे आधी सांगा

भूम, परंडा, वाशी, कळंब. या भागातला कॅन्सरचा पेशंट बहुधा बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाची पायरी चढून आलेला असतो. तिथल्या उपचाराला कुणी ‘लाईट’ म्हणतं, कुणी ‘शेक’. कागदावर रेडिएशन लिहिलेलं असतं. पाच-सात आठवडे ये-जा होते. मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, झालं. फाईल माळ्यावर जाते.

ती फाईल खाली काढा.

शेकानं गाठ मरते, पण शेजारच्या चांगल्या भागालाही तो लागतो. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसत जातात, मांस घट्ट होतं. याला वेळ लागतो. सहा महिने, दोन वर्षं, कधी दहा वर्षंही. तोवर तुम्ही शेक विसरलेले असता आणि नव्या डॉक्टरला तो ठाऊकच नसतो. सगळ्यांनाच मोठा त्रास होतो असं नाही. पण झाला तर तो कशाचा, हे ओळखता आलं पाहिजे.

तोंडाला किंवा गळ्याला शेक घेतला असेल तर दाढ दुखली म्हणून लगेच उपटून घेऊ नका. शेक लागलेल्या जबड्याची जखम लवकर भरत नाही, आतलं हाड मरू शकतं. दातांच्या डॉक्टरला खुर्चीत बसण्याआधी सांगा. त्यांना शेक देणाऱ्या डॉक्टरांशी बोलू द्या. मुळात दाढ किडूच नये म्हणून दोन वेळा दात घासा, तेही पेस्टनं. मिश्री मात्र कायमची बंद. शेकानं लाळ कमी होते, त्यामुळं दात लवकर किडतात. भाकरी कोरडी गिळत नसेल तर आमटीत कुस्करा, हुलग्याचं माडगं प्या, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

रोज आरशासमोर तोंड उघडून बघा. आपलीच तीन बोटं उभी मावतात का? दोनच मावायला लागली तर जबडा आखडतोय. व्यायाम विचारून घ्या, दिवसातून चार-पाच वेळा करा. गळ्याला शेक झाला असेल तर थायरॉईडची रक्ततपासणी सहा महिन्यांनी, निदान वर्षानं. सारखा थकवा, थंडी वाजणं, अंग सुजणं हे दरवेळी वयामुळंच असतं असं नाही.

आता बायकांसाठी, जरा सविस्तर. 1999 साली भूम-परंड्याच्या आपल्या जिल्ह्यात गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा फार मोठा अभ्यास सुरू झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका त्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीनं या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे 2009 साली जगाला कळलं ते आपल्या गावांमुळं. तेव्हाच्या त्या बायका आता आज्या झाल्या. त्या कॅन्सरसाठी ओटीपोटाला शेक घेतलेल्या आज्यांनो, मावश्यांनो, हे तुमच्यासाठी.

शौचातून रक्त पडलं तर मूळव्याध म्हणून गावातल्या कुणाकडून इंजेक्शन किंवा क्षाराचा दोरा घेऊ नका. आतड्याचा तो भाग आधीच नाजूक झालेला असतो. चिघळला तर बरा व्हायला फार वेळ जातो. लघवीतून रक्त आलं तरी तसंच. घाबरून ‘कॅन्सर परत आला’ म्हणून रडत बसू नका आणि लपवूही नका. दवाखान्यात जा.

योनीची जागा आखडते, कोरडी पडते. संबंध नकोसे होतात, डॉक्टरांची तपासणीही दुखते. यावर साधनं आहेत, मलम आहे. लाजेपायी कित्येकजणी विचारत नाहीत. लेडी डॉक्टरला सरळ विचारा. नवऱ्यालाही सांगा, तो समजतो त्याहून कमी बोलतो इतकंच.

कंबरेची हाडं ठिसूळ होऊ शकतात. डोक्यावर भरला हंडा, वर कळशी, हे आता सुनेनं आणि मुलानं मिळून करावं. उन्हाळ्यात टँकर आल्यावर तर नक्कीच. माकडहाड किंवा जांघ दुखायला लागली तर चोळून, ओढून घेऊ नका. एक्स-रे काढा.

शेकानंतर पाय किंवा हात सुजत असेल तर रानात अनवाणी जाऊ नका. काटा रुतून तो भाग लाल आणि गरम झाला, ताप भरला, तर त्याच दिवशी दवाखाना. सकाळची वाट बघू नका.

फाईलमध्ये एक कागद शोधा. शेक कुठं दिला, किती दिवस, किती ग्रे (म्हणजे शेकाचं माप), ते त्यावर असतं. त्याचा फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये ठेवा, कागद पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत. गळत्या माळ्यावर नको.

आणि कागद सापडलाच नाही तर? काहींच्या अंगावर तिळाएवढे निळे ठिपके असतात. मशीन जुळवायला गोंदलेले. डॉक्टरला तेच दाखवा.